ठाण्यातली तिसरी चूल

शेख महेबूब जमादारानं आमच्या ठाण्याला जेवढा ताप दिला तेवढा कुठल्या दरोडेखोरानं दिला नाही. दरोडेखोराचं एक बरं असतं, कधी ना कधी त्याच्याशी काहीतरी बोलणं होतं. जमादाराशी त्या बाबतीत बोलणंच होत नसे. माणूस घुमा नव्हता. गप्पा मारायचा, हसायचा, कुणाच्या घरी दुखणंखुपणं असलं तर पहिल्यांदा तोच जायचा. फक्त जेवायची वेळ झाली की उठायचा आणि ठाण्याच्या मागं लिंबाखाली जाऊन स्वतःची भाकरी स्वतः थापायचा. नऊ वर्षं, रोज, आमच्या डोळ्यांदेखत.

ही हकिकत निजामाच्या राज्यातली. आपला हिंगोलीचा मुलूख तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. ठाणं सेनगावच्या बाजूला एका बाजारगावात होतं. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांची नातवंडं आता मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत, उगाच कशाला. ठाण्याचे मुख्य अमीनसाहेब, म्हणजे आताच्या भाषेत फौजदार. त्यांच्या हाताखाली जमादार, त्याच्या हाताखाली सात-आठ जवान, आणि कोपऱ्यात सतरंजीवर बसलेला मी. मी मुहर्रिर, ठाण्याचा लेखनिक. ठाण्यात रोज काय घडलं ते रोजनामच्यात लिहायचं, आणि जे घडलं नाही पण घडायला हवं होतं तेही लिहायचं, ही माझी नोकरी. सगळे मला मुन्शीजी म्हणत. माझं अक्षर फार सुरेख होतं, उर्दू आणि बालबोध मराठी दोन्ही. हे मी माझ्याच तोंडानं सांगतोय म्हणून हसू नका, पुढं त्याचं काम पडणार आहे.

ठाण्यात दोन चुली होत्या. एक हिंदूंची, एक मुसलमानांची. हिंदू-मुसलमानांच्या ऐक्यावर पुढं लोकांनी फार भाषणं केली. आमच्या ठाण्यात ते आधीपासून होतं. मंगळवारी बाजार भरला की गणपत जवान एक मोठी वेताची टोपली घेऊन निघायचा. रिकामी टोपली घेऊन बाजाराच्या या टोकानं शिरायचा आणि भरलेली घेऊन त्या टोकानं बाहेर पडायचा. मधे एक अक्षर बोलायचा नाही. वांगी, मिरच्या, लसूण, गूळ, करडीचं तेल, एखादी कोंबडी, सगळं आपलं आपण टोपलीत येऊन बसायचं. मग ठाण्याच्या ओसरीवर वाटणी व्हायची. कोंबडी त्या चुलीला गेली तर तूप या चुलीला यायचं. त्यावरून कधी तंटा झालेला मी पाहिला नाही. एवढा न्याय त्या इमारतीत दुसऱ्या कुठल्याच कामात होत नसे.

आणि याला कुणी लाच म्हणत नसे. लाच ही वाईट गोष्ट आहे याबद्दल आमच्या ठाण्यात एकमत होतं. शेजारच्या एका ठाण्याचा अमीन रोख घेतो असं कळलं तेव्हा आमचे अमीनसाहेब दोन दिवस उदास होते. "खानदानी आदमी नहीं है," एवढंच म्हणाले आणि पान लावायला घेतलं. आमच्याकडं येत होती ती टोपली होती. टोपली आमच्या आधीपासून येत होती, आमच्यानंतरही येणार होती. तिला नाही म्हणणारे आम्ही कोण?

अशा या सुखी संसारात जमादार बदलून आला. मूळचा कुरुंद्याचा. घरचा धंदा पिंजाऱ्याचा, कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचा. उंच, हाडकुळा, मिशी पिकायला लागलेली. खाकेत वळकटी आणि खांद्यावर पडशी. पडशीत ज्वारीचं पीठ, मीठ, तिखट, कांदे. करीम जवान मुसलमानांच्या चुलीवर रांधायचा. त्यानं नव्या जमादारासाठी मोठ्या अदबीनं थाळी मांडली. थाळीत कोंबडीचा रस्सा होता. जमादारानं थाळीकडं पाहिलं आणि विचारलं, "कुणाच्या घरची?"

करीमला प्रश्नच कळला नाही. "ठाण्याची," तो म्हणाला.

"ठाण्यानं पाळली व्हती का?"

करीम माझ्याकडं बघायला लागला. मी रोजनामच्यात बघायला लागलो. जमादारानं थाळी हळूच बाजूला सारली आणि हसून म्हणाला, "राग मानू नका बाबा. पोट बरं न्हाई माझं. मला पचायची न्हाई." मग मागं गेला, लिंबाखाली तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या आणि भाकरी टाकली. ठाण्यात तिसरी चूल पेटली ती अशी.

यावर ठाण्यात जी चर्चा झाली ती ऐकण्यासारखी होती. हिंदू जवान म्हणाले, मुसलमानांत बी सोवळं असतंय की काय. मुसलमान जवान म्हणाले, कुठल्या तरी पिराचा नवस असल. गणपतचं म्हणणं, बायकोनं शपथ घातली असणार. मला स्वतःला वाटलं, हा काहीतरी लपवतोय. पोलिसातल्या माणसाला दुसऱ्याबद्दल एवढंच वाटू शकतं. चुली एवढ्याच कारणांनी वेगळ्या होतात हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं: धर्म, जात, नवस किंवा बायको. फुकट आणलेलं म्हणून एखादा खात नसेल, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. आलं असतं तर ज्याच्या डोक्यात आलं त्यालाच आम्ही वैद्याकडं नेलं असतं. शेवटी जमादार स्वतः सांगतोय तेच खरं धरून चालायचं ठरलं. पोट बिघडलंय.

आता अमीनसाहेब मायाळू माणूस. हाताखालच्या माणसाचं पोट बिघडलंय म्हणजे इलाज केला पाहिजे. त्यांनी जमादाराला हिंगोलीच्या एका हकीमाकडं धाडलं. हकीमानं जीभ पाहिली, नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं. काही सापडलं नाही. पण ठाण्याकडून आलेला रोगी रिकाम्या हातानं कसा परत पाठवायचा? त्यानं चूर्णाची पुडी दिली आणि पानभर चिठ्ठी लिहिली, मेदा, म्हणजे जठर, कमजोर आहे, तेलकट सोसत नाही, पथ्य पाळावं. अमीनसाहेबांनी चिठ्ठी मला दिली, मी ती नीट जपून ठेवली. त्यानंतर दर सहा महिन्यांनी जमादार हकीमाकडं जायचा आणि नवी चिठ्ठी यायची. चूर्ण तो ठाण्याच्या घोड्याला चारायचा. घोड्याची तब्येत फार सुधारली.

एकदा दुपारी मी पाणी प्यायला मागं गेलो होतो. जमादार परातीत पीठ मळत होता. मी विचारलं, "जमादार, खरं सांगा. पोटाला झालंय तरी काय?"

त्यानं हात थांबवला नाही. "मुन्शीजी, तुमी समदे माझ्यासंगं उठता-बसता. माझ्या घरी दुखणं निघालं तवा ह्या गणपतनंच माझा पहारा केला. तुमचं खाणं वाईट हाय असं मी कोणत्या तोंडानं म्हनू? त्यापरीस माझं पोट वाईट म्हनलेलं बरं."

मी पाणी प्यायलो आणि परत येऊन बसलो. म्हणजे त्या दिवसापासून मला ठाऊक होतं. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. उलट पुढच्या चिठ्ठ्याही तितक्याच निगुतीनं जपून ठेवत गेलो.

मग एका मंगळवारी गणपत तापानं आजारी पडला. अमीनसाहेबांनी सहज म्हणून टोपली जमादाराच्या हातात दिली. आम्हाला वाटलं, चला, आता याची गाडी रुळावर आली. दोन तासांनी जमादार आला. टोपलीत अंबाडीच्या चार जुड्या आणि थोडे कांदे. बस. त्या दिवशी दोन्ही चुलींवर अंबाडीची भाजी शिजली आणि आख्खं ठाणं ती तोंड वाकडं करून जेवलं. जमादारानं मात्र ती दोन्ही चुलींवरून मागून घेतली आणि चाटून-पुसून खाल्ली. नऊ वर्षांत आमच्याबरोबर तो तेवढा एकदाच जेवला.

प्रकरण एवढ्यावर मिटतं तर मी म्हटलं असतं, जाऊ द्या. पण दुपार कलल्यावर धुरपताबाई आली. ही बाई बाजारात पालेभाजी विकायची. विधवा, एक जवान पोरगा, एक म्हैस. ती ओसरीच्या पायरीशी बसली आणि मुठीतले पैसे अमीनसाहेबांच्या जोड्यांपाशी ठेवले.

"साहेब, माझं काय चुकलं?"

"काय झालं बाई?"

"जमादारानं अंबाडीचे पैसे देले." बाई रडायलाच लागली. "आजपस्तोर ठाण्यातून कोनी देले न्हाईत. आजच काहून देले? माझ्या किसननं काई केलं काय?"

अमीनसाहेबांना खुनाच्या तपासातही मी असं अडकलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी तिला समजावलं, तुझ्या पोरानं काही केलेलं नाही, पैसे चुकून दिले गेले. पण जोपर्यंत त्यांनी ते पैसे उचलून आपल्या खिशात घातले नाहीत तोपर्यंत बाईचा जीव भांड्यात पडला नाही. मग ती उठली, नमस्कार केला आणि निघाली. जमादार तिच्या मागोमाग फाटकापर्यंत गेला. तिथं त्यानं आपल्या कमरेची पिशवी सोडली आणि तेवढेच पैसे पुन्हा तिच्या हातावर ठेवले. "ही अंबाडी म्या इकत घेतली, बाई," तो म्हणाला. "तुमी इकली, म्या घेतली. यात भ्यायचं काय?" ती कितीतरी वेळ त्याच्या तोंडाकडं बघत उभी होती.

त्या अंबाडीनं धुरपताबाई बिघडली. हे मला पुढं कळलं.

वर्ष-दीड वर्षानंतरची गोष्ट. मोठी लढाई चालू होती, धान्य महाग होतं. तिच्या किसनला कुठल्याशा चोरीच्या संशयावरून ठाण्यात आणलं. चोरीशी त्याचा काही संबंध नव्हता हे पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण सोडायची घाई कुणाला? पाचव्या दिवशी किसन घरी गेला आणि धुरपताबाईची म्हैस ठाण्याच्या मागं लिंबाला येऊन बांधली गेली. टोपलीत म्हैस मावत नव्हती, म्हणून यावेळी थोडं लेखनकाम करावं लागलं. मी रोजनामच्यात लिहिलं की एक म्हैस, काळी, कपाळावर पांढरा ठिपका, शिवारात बेवारशी भटकताना आढळली, ताब्यात घेतली. अक्षर फार चांगलं उतरलं होतं.

म्हैस दुधाला चांगली होती. अमीनसाहेबांचा चहा दाट झाला, माझाही. जमादार गुळाचा कोरा चहा प्यायचा. म्हैस त्याच्या चुलीपासून चार हातांवर बांधलेली. तिला वैरण टाकायचा, पाणी दाखवायचा, गोचिड्या काढायचा, आणि दुधाच्या चरवीला शिवायचा नाही. काही बोलायचाही नाही. त्याचं ते न बोलणं मला फार लागायचं, हे आता कबूल करतो. तेव्हा मी त्याला शिष्टपणा म्हणायचो.

दुसरी कुठलीही बाई असती तर म्हशीच्या नावानं डोळे पुसून गप्प बसली असती. पण या बाईला एकदा अंबाडीचे पैसे मिळाले होते. तिला वाटायला लागलं होतं की ठाण्यातूनही काही परत मिळू शकतं. ती कुणाच्या तरी बैलगाडीत बसून, मग पायी, थेट परभणीला गेली आणि अर्ज देऊन आली. महिन्याभरात कागद आला की चौकशीसाठी बडे साहेब येणार.

अमीनसाहेबांनी सगळ्यांना बसवून पाठ करून घेतलं. म्हैस बेवारशी होती. कुणी आणली? गस्तीच्या जवानांनी. कधी? रोजनामच्यात आहे. करीम, गणपत, सगळ्यांनी दोन-दोनदा म्हणून दाखवलं. शाळा भरल्यासारखं वाटत होतं. मग त्यांनी जमादाराला एकट्याला आत बोलावलं. मी डेस्काशी होतोच.

"महेबूब," साहेब फार मऊ आवाजात म्हणाले, "दो बरस रह गये. फिर वजीफा." वजीफा म्हणजे तेव्हाचं पेन्शन. "घरी बीवीला दिसत नाही. ती तुझ्या वजीफ्यावरच जगणार ना? तुला झूठ बोलायला कोण सांगतंय? एवढंच बोल, मला मालूम नाही."

आमच्या अमीनसाहेबांना दुष्ट म्हणता येणार नाही. ते खरोखरच त्याच्या भल्याचं सांगत होते. म्हणून तर ते ऐकायला जास्त कठीण होतं.

जमादार संध्याकाळी मला म्हणाला, "मुन्शीजी, नऊ वर्सं म्या कोनाचं नाव घेतलं न्हाई. आता बी घ्यायचं न्हाई मला. न्हाई इचारलं तर न्हाई बोलनार." मग म्हणाला, "पर इचारलं तर काय करू?"

"कशाला विचारतील?" मी म्हणालो. आणि न विचारण्याची व्यवस्थाही झाली. चौकशीच्या दिवशी सकाळीच अमीनसाहेबांनी त्याला लांबच्या एका तांड्यावर गस्तीला पाठवलं.

बडे साहेब आले. दोन्ही चुलींवर सकाळपासून रांधणं चालू होतं. त्या मंगळवारची टोपली दोन जवानांना धरावी लागली होती. धुरपताबाई ओसरीच्या टोकाला पदर घेऊन बसली होती. चौकशी छान झाली. म्हैस बेवारशी होती, म्हैस बेवारशी होती, म्हैस बेवारशी होती. साहेबांनी रोजनामचा पाहिला आणि अक्षराची तारीफ केली. मग पानं वाढली गेली आणि साहेब हात धुवायला मागच्या अंगाला गेले. आम्ही सगळे अदबीनं मागोमाग.

लिंबाखाली तीन दगडांच्या चुलीवर तवा होता आणि जमादार भाकरी टाकत होता. गस्त उरकून आला होता. जेवायची वेळ झाली की हा माणूस आपल्या चुलीशी येतो, हे नऊ वर्षं रोज बघूनही आमच्यातल्या एकाच्याही लक्षात राहिलं नाही.

साहेबांनी एक चूल पाहिली, दुसरी पाहिली, मग ही. "दो तो समझ में आये," ते म्हणाले. "ये तीसरा चूल्हा किसका?"

म्हशीबद्दल शंभर प्रश्नांची उत्तरं तयार होती. चुलीबद्दल कुणी काही पाठ केलं नव्हतं. अमीनसाहेब घाईनं म्हणाले, "हुजूर, जमादाराचं पोट खराब आहे. बरसों से. इलाज चालू आहे."

साहेब हसले. भले गृहस्थ दिसत होते. "क्या हुआ पेट को, जमादार?"

जमादारानं आधी तव्यावरची भाकरी उलटली. मग उठून सलाम केला. मी त्याच्याकडं बघत होतो. नको म्हणून मान हलवत होतो, हात जोडत होतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि मला वाटतं त्याला माझी दया आली.

"पोट चांगलं हाय, साहेब," तो म्हणाला. "म्या नऊ वर्सं लबाड बोललो. त्या दोन्ही चुलींवरलं बाजारातून येतंय, पैसे देल्याबिगर. म्हनून म्या खात न्हाई."

साहेबांचे हात ओले होते. त्यांनी विचारायला नको होतं, पण विचारून गेले, "और ये भैंस?"

"धुरपताबाईची. तिचं पोरगं सोडायसाठी घेतलेली."

साहेबांनी आपल्या ओल्या हातांकडं पाहिलं. आत पानं वाढलेली होती, पुरणाचा वास येत होता. त्यांनी थोडा विचार केला, टॉवेल मागितला आणि जेवायला बसले. चांगले पोटभर जेवले.

जेवणानंतर निकाल झाला. साहेब हुशार होते. म्हैस बेवारशी म्हणून लिहिलेली, मालकीण समोर हजर, ओळख पटली, म्हैस तिच्या ताब्यात द्यावी. म्हणजे रोजनामचाही खरा, बाईही खूश. उरला जमादाराचा जबाब. तो कागदावर आला तर साहेबांनाही त्रास, आम्हालाही. तेव्हा अमीनसाहेबांनी मला खूण केली आणि मी हकीमाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून पुढं ठेवला. नऊ वर्षांच्या चिठ्ठ्या, तारखेवार लावलेल्या. साहेब एकेक वाचत गेले आणि हाताखालच्या माणसाची इतकी काळजी घेतल्याबद्दल त्यांनी अमीनसाहेबांची पाठ थोपटली. असा जुनाट रोगी, त्याच्या डोक्यावरही परिणाम होतो, त्याचा जबाब काय धरायचा?

"कब से है ये बीमारी?" साहेबांनी विचारलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. "पैदाइशी है, हुजूर," मी म्हणालो. जन्मापासूनची आहे.

त्या एका उत्तरावर सगळं फिरलं. आजार जन्मापासूनचा, म्हणजे भरती होताना लपवलेला. लपवलेला, म्हणजे फसवणूक. फसवणूक, म्हणजे नोकरी बंद आणि वजीफाही नाही. मला तेव्हा वाटलं होतं की जन्मापासूनचं म्हटलं म्हणजे बिचाऱ्याला दोष लागणार नाही. असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला त्या वेळी काहीच वाटलं नव्हतं. मी फक्त माझी कातडी वाचवत होतो.

हुकूम मीच लिहिला. जमादारानं तो हातात घेतला, सावकाश बोट फिरवत वाचला. "मुन्शीजी, अक्षर लई नामी काढलं," म्हणाला. टोमणा होता का, ते मला आजही सांगता येत नाही. पट्टा आणि बिल्ला काढून माझ्या डेस्कावर ठेवला, चुलीतली लाकडं विझवली, तिथला तवा पडशीत घातला. त्याच फाटकातून धुरपताबाई म्हैस घेऊन निघाली होती. ती त्याच्या पाया पडायला वाकली तर हा मागं सरला. "म्हशीला सांभाळा, बाई. गोचिड्या लई झाल्यात तिला," एवढं बोलून चालता झाला.

मग निजामाचं राज्य गेलं. हिंदुस्थानचं लष्कर आलं, आमचे अमीनसाहेब एका रात्रीत हैदराबादकडं गेले, करीमचं काय झालं ते कळलं नाही. त्या दिवसांत मुसलमानांच्या वस्त्यांवर काय काय गुदरलं ते मी लिहीत नाही. लिहिणाऱ्या माणसाला काय वगळायचं ते कळावं लागतं. कुरुंद्याला जमादाराच्या दाराशी गावची माणसं काठ्या घेऊन आठ दिवस राखणीला बसून होती, असं ऐकलं.

नवे साहेब बाहेरून आले. कडक होते. त्यांनी सगळ्या जुन्या नोकरांना फर्मावलं की तुम्ही सचोटीनं वागलात असं एखाद्या खात्रीच्या माणसाकडून लिहून आणा, नाहीतर घरी जा. आता खात्रीचा माणूस शोधायचा कुठं? आमच्या भागात लोक ज्याचं नाव डोळे झाकून घेतील असा, ठाण्याशी संबंध असलेला, एकच माणूस होता. निर्लज्जपणाची काही हद्द असते म्हणतात. मला ती सापडली नाही. दिवाळीच्या आसपास मी वारंग्याच्या फाट्यावर मोटारीतून उतरलो आणि एक बैलगाडी धरून कुरुंद्याला गेलो. जाताना हात हलवत कसं जायचं, म्हणून मंगळवारची टोपली बरोबर घेतली. वांगी, गूळ, लसूण. सवयीनंच घेतली.

वाटेवर दोन्ही बाजूंनी हळद कमरेइतकी उभी होती. जमादार दारात कापूस पिंजत होता. भुवयांवर, मिशीवर कापूस. मला पाहून उठला, धनुकली भिंतीला टेकवली, पाणी दिलं. मी कागद पुढं केला. मजकूर मीच लिहून नेला होता, फक्त सही हवी होती. "वाचा," तो म्हणाला.

मी वाचलं. "हे मुन्शी अत्यंत सचोटीचे असून—"

"हे खरं हाय का, मुन्शीजी?"

मी कागदाची कड सरळ करायला लागलो.

"मंग काढा ते."

मी खोडलं. पुढं वाचलं, की यांनी कधी कुणाकडून कसली वस्तू घेतली नाही. "काढा." की यांनी रोजनामच्यात कधी खोटं लिहिलं नाही. "काढा." त्याच्या आवाजात राग नव्हता. धान्य निवडावं तसा तो एकेक ओळ निवडून टाकत होता. शेवटी माझं नाव उरलं, आणि हे आमच्या ठाण्यात मुहर्रिर होते व यांचं अक्षर चांगलं आहे, एवढं उरलं. त्यानं तो मजकूर मला नव्या कागदावर स्वच्छ लिहायला लावला आणि खाली सही केली. शेख महेबूब, पिंजारी.

"जमादार," मी म्हणालो, "ते जन्मापासूनचं... ते मी सांगितलं होतं."

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "समोरच तर उभा व्हतो." मग जरा हसला. "आन खोटं काय व्हतं त्यात? बाप बी असाच व्हता माझा."

त्याची बायको चाचपडत बाहेर आली आणि माझ्यापुढं भाकरी-ठेचा ठेवून गेली. मी एक तुकडा मोडला, तो तसाच ठेवला आणि कागदाची घडी करून खिशात घातली. नव्या साहेबांनी पुढं तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, अक्षर खरंच चांगलं आहे. मला ठेवून घेतलं. नोकरी पुरी केली मी, पेन्शन आजही खातो आहे.

त्या दिवशी कुरुंद्याहून निघताना मी गाडीत बसलो तेव्हा टोपली मुद्दामच त्याच्या ओसरीवर ठेवून आलो होतो. गाडी हलली तसा तो ती उचलून आला. "मुन्शीजी, हे कुणाच्या घरचं?"

त्यानं टोपली माझ्या मांडीवर ठेवली. वर फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी होत्या. "ह्या वाटंनं खावा," तो म्हणाला. "ह्या माझ्या घरच्या हायती." आणि कापूस लागलेला हात कपाळाला लावून सलाम केला, ठाण्यात करायचा तसाच.

वारंग्याच्या फाट्यावर मोटारीची वाट बघत मी त्या भाकरी खाल्ल्या. रडू येत होतं, पण आजूबाजूला माणसं होती. टोपली मी ठाण्यात नेऊन दिली. तिथं आता एकच चूल उरली होती, त्यामुळं वाटणी करावी लागली नाही.